बूड टेकून बसा

पाँटून बोटीच्या जाहिरातीतली माणसं नेहमी एकमेकांकडे तोंड करून बसलेली असतात. कडेने गुबगुबीत सोफे, मध्ये बुटकं टेबल, टेबलावर पेले, आणि सगळ्यांच्या पाठीमागे निळंशार तळं. तळ्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. ही बोट मूळची अमेरिकेतल्या मिनेसोटाची. तिथे तळ्यांना तोटा नाही. १९५० नंतरच्या वर्षांत ॲम्ब्रोस वीरेस नावाच्या शेतकऱ्याने लोखंडी पिंपांवर लाकडी फळ्या ठोकून अशी पहिली बोट केली, असं सांगतात. तळ्याकाठी घर असलेल्या माणसाला तळं रोजचंच. तो बोटीवर जातो गप्पा मारायला, त्यामुळे सोफे आतल्या बाजूला तोंड करून असले तरी त्याचं काही अडत नाही.

आमच्याकडे येणारा पाहुणा पुण्याहून किंवा कोल्हापूरहून गाडीत तासन्तास अंग आंबवून येतो आणि त्याला खाडी बघायची असते. कांदळवन, खंड्या, ब्राह्मणी घार, जाळी विणत बसलेली माणसं, लांबून दिसणारा किल्ला आणि त्यावरचा दीपस्तंभ. त्याला आत तोंड करून बसवलं तर तो मान वळवणार, मग कमरेतून वळणार, मग उठणार. आणि सपाट बोटीवर उठलेला माणूस हीच खरी काळजी असते. बोट घेतल्यापासून तिच्यावर काय असावं आणि काय नसावं यावर आमच्या घरात जेवढे वाद झाले, ते सगळे शेवटी या एका मुद्द्यावर येऊन थांबले.

देवगडच्या खाडीकाठी आमचं घर आहे, मागे कलमांची बाग आहे आणि पुढच्या चार खोल्या पाहुण्यांना देतो. आंब्याच्या दिवसांत, म्हणजे मार्चपासून मेपर्यंत, खोल्या भरलेल्या असतात. पाहुण्यांमध्ये म्हातारी माणसं बरीच. मुलं-सुना कुणकेश्वरला, विजयदुर्गाला जाऊन येतात आणि गुडघ्यांनी दगा दिलेल्या आजी आमच्या पडवीत बसून खाडीकडे बघतात. मासेमारीच्या होडीत त्यांना बसवणं अशक्य. होडीत उतरायचं म्हणजे कडेवरून पाय टाकायचा, आत फुटभर खाली, तोही हलत्या बुडावर. सपाट बोटीचा विचार या आजींमुळे सुरू झाला. तिची तक्तपोशी सपाट, धक्क्याच्या पातळीला येते, पुढचं फाटक उघडलं की चालत आत जाता येतं.

बोट लहानच. वीस फूट लांब, आठ फूट रुंद. खाली फायबरची दोन लांबट पिंपं, प्रत्येकात तीन बंद कप्पे आणि कप्प्यांत फोम, वर मरीन प्लायची तक्तपोशी, कडेने कठडा, मागे पंचवीस हॉर्सपॉवरचं पेट्रोलवर चालणारं आउटबोर्ड मशीन. टेम्पोतून ती उतरवली तेव्हा आमचे तांडेल धक्क्यावर उभे होते. आयुष्यभर ट्रॉलर चालवलेला माणूस. आता समुद्रात जात नाहीत, पण सारंगाचं प्रमाणपत्र आहे आणि खाडीचा तळ त्यांना घरच्या खळ्यासारखा ठाऊक आहे. बोट त्यांनीच चालवायची असं आधीच ठरलं होतं. त्यांनी बोटीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "वैनी, ह्यो मांडव खय घेवन चाललात? लगीन कोणाचा?"

मग गंभीर होऊन त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नव्हतं. "होडयेत माणूस आपसूक बसता. होडी तेका उभ्यान ऱ्हवाकच देणा नाय. ह्येच्यार लोक फिरतले."

खरंच आहे. अरुंद होडी डुलते, त्या भीतीनेच माणूस गप्प बसतो. ही बोट हलतच नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. मला लगेच थेक्कडी आठवली. ३० सप्टेंबर २००९ ला पेरियारच्या तलावात 'जलकन्यका' ही दुमजली बोट उलटली आणि ४५ माणसं गेली. काठावर जनावरं दिसली म्हणून वरच्या मजल्यावरचे प्रवासी एका बाजूला धावले, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. केरळातच तानूरला ७ मे २०२३ ला प्रवासी बोट उलटून २२ जण गेले. तीही दुमजली, आणि तिच्यात प्रमाणाबाहेर माणसं भरलेली होती. तलाव काय आणि खाडी काय, दोन्हीकडे पाणी शांत होतं. माझ्या दिरांच्या डोक्यात आमच्या बोटीच्या छपरावर चार खुर्च्या आणि एक शिडी होती, 'सनसेट पॉइंट' म्हणून. तो विषय त्या दिवशीच मिटला.

बसायची व्यवस्था आम्ही जाहिरातीच्या बरोबर उलटी केली. बोटीच्या मधोमध लांब बाक, त्याला मध्ये एकच पाठ, आणि दोन्ही बाजूंना माणसं बाहेर तोंड करून. जुन्या एस.टी. स्टँडवर असायचे तसे पाठीला पाठ लावलेले बाक. यामुळे दोन गोष्टी साधल्या. प्रत्येकाला उठल्याशिवाय त्याची बाजू दिसते, आणि सगळ्यांचं वजन बोटीच्या मध्यावर राहतं. पाय ठेवायला दोन्ही बाजूंना पावणेतीन फूट जागा उरली. ती मुद्दामच त्याहून जास्त ठेवली नाही. जागा दिसली की लोक खुर्ची मागतात.

नवऱ्याला हिशेब केल्याशिवाय झोप लागत नाही. तो वहीत आकडे मांडून बसला. एकेका पिंपाचा व्यास दोन फूट, लांबी वीस फूट. म्हणजे एक पिंप पूर्ण बुडालं तर साधारण १,७५० किलो वजन पेलतं, दोन मिळून ३,५०० किलो. पण पिंपं निम्मी पाण्यावर राहायला हवीत, म्हणून वापरायचं वजन त्याच्या अर्धं, १,७५० च्या आसपास. त्यात बोट, मशीन, पेट्रोल, बॅटरी, नांगर, छप्पर मिळून ९०० गेले. उरलेल्यात सत्तर किलोची बारा माणसं, दहा पाहुणे आणि दोन आमची. इथपर्यंत ठीक. पण तेच दहा पाहुणे उठून एका कठड्याला आले तर? त्या बाजूचं पिंप सत्तर टक्के बुडतं, दुसरं तीस टक्के. बोट उलटत नाही, पण एक कड पाण्याजवळ जाते. त्याच वेळी शेजारून ट्रॉलर गेला आणि त्याची लाट त्याच बाजूने आली, तर पाणी तक्तपोशीवर येतं आणि घाबरलेली माणसं आणखी हलतात.

वहीवर तांडेलांचा विश्वास नाही. त्यांनी वाळूच्या पन्नास किलोच्या चौदा गोण्या भरायला लावल्या. धक्क्यालगत, कमरेएवढ्या पाण्यात, पाहुण्यांच्या जागी गोण्या ठेवून आधी बोट सरळ कशी राहते ते पाहिलं. पिंपांवर पाण्याच्या रेषेला तेलाच्या रंगाने पट्टा ओढला. मग एकेक गोणी उचलून डाव्या कठड्याला नेली. नवव्या गोणीपर्यंत काही वाटलं नाही. दहावी ठेवल्यावर उजव्या पिंपाचा ओला भाग वर आला. चौदाव्या गोणीला बोट अशी तिरकी झाली की तक्तपोशीवर ठेवलेला स्टीलचा पेला घरंगळत गेला आणि कठड्याच्या पट्टीला अडला. वहीतलं सत्तर-तीस तिथे डोळ्यांनी दिसलं. मग तांडेल स्वतः त्या कडेला जाऊन उभे राहिले, दोनदा गुडघे वाकवून दाब दिला, खाली वाकून पाण्याकडे बघितलं आणि "चलात" एवढंच म्हणाले. उजव्या-डाव्या पिंपांवरचा तो रंगाचा पट्टा अजून आहे. माणसं चढल्यावर पट्टा पाण्याखाली गेला तर दोर सुटत नाही, मग पाहुणा कोणाच्याही ओळखीचा असो.

जॅकेटांच्या बाबतीत मात्र आमच्यात वाद नव्हता. तारकर्लीला २४ मे २०२२ ला स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक दगावले. ते गाव आमच्याच जिल्ह्यातलं, तिथे आमच्यासारखाच व्यवसाय करणारी ओळखीची माणसं आहेत. जॅकेट घेताना त्यावर न्यूटनचा आकडा बघायचा, हे मला नवीन होतं. ५० न्यूटनचं पोहता येणाऱ्यासाठी, १०० चं आडोशाच्या पाण्यासाठी, १५० चं उघड्या समुद्रासाठी. शंभर न्यूटन म्हणजे जवळपास दहा किलोची उचल. माणूस पाण्यात बहुतेक तरंगतच असतो, तोंड वर ठेवायला एवढी उचल पुरते. आम्ही १०० ची घेतली, शिट्टी आणि चमकणारी पट्टी असलेली, आणि मुलांसाठी वेगळी, मांड्यांमधून पट्टा जाणारी. तो पट्टा कशासाठी हे आमच्या पुतण्याने दाखवलं. त्याला मोठ्यांचं जॅकेट घालून, बकला सैल ठेवून, छातीएवढ्या पाण्यात सोडलं. जॅकेट तरंगलं आणि कानांपर्यंत वर आलं, पोरगं मात्र खालीच राहिलं. नाकापर्यंत पाणी आल्यावर त्याने बोंब ठोकली. पट्टा लावल्यावर तेच पोरगं बुचासारखं वर राहिलं आणि मग बाहेर यायला तयार होईना.

जॅकेट लोक का घालत नाहीत, याची आमच्याकडे मिळालेली खरी उत्तरं अशी: वास येतो, साडी चुरगळते, फोटो चांगला येत नाही. फोटोला इलाज नाही. वासाला आहे. प्रत्येक फेरीनंतर जॅकेटं गोड्या पाण्यात बुचकळून सावलीत वाळवायची. उन्हात टाकली तर कापड लवकर विरतं. आंबा पेटीत भरायच्या शेडमध्ये आडव्या दोऱ्या आहेतच, त्यांवर ती टांगतो. आणि त्यांच्यावर कोणाला बसू द्यायचं नाही, आतला फोम दबतो. साडीसाठी पट्टे पुढून लावायची पद्धत मीच शोधली आणि ती मी प्रत्येक आजींना स्वतः बांधून देते. नऊवारीवर उलट जास्त घट्ट बसतं. तांडेलांचा नियम एका वाक्याचा: "जाकीट बांधल्याशिवाय मी दोर सोडूचंय नाय."

छपरावरून बरेच दिवस भांडण चाललं. फेब्रुवारीनंतर आमच्याकडे दुपारी अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून वारा सुरू होतो आणि चारपर्यंत वाढत जातो. घरात सगळ्यांना ताडपत्री हवी होती, निळी, मजबूत, पावसालाही चालणारी. तांडेलांनी ती बांधलेल्या अवस्थेत बोट एकदा धक्क्यापासून सोडून दाखवली. मशीन बंद असताना बोट वाऱ्याबरोबर आडवी चालायला लागली, चांगली झपझप. "ही ताडपत्री नाय, ह्या शीड आसा," ते म्हणाले. पाँटून बोट हलकी, पाण्यात फुटभरच रुतलेली, वर मात्र सगळं उघडं अंग. वाऱ्याला धरायला भरपूर आणि पाण्याला अडवायला फार थोडं. शेवटी इलाज बागेत सापडला. कलमांच्या रोपवाटिकेवर आपण हिरवी शेडनेट लावतो, तीच इथे लावली. सावली पडते, वारा आरपार जातो आणि फाटली तर दोन दिवसांत दुसरी. देखणी नाही. पहिल्या पाहुण्यांपैकी एका शहाण्याने विचारलंच, "नर्सरी का हो?"

बागेतल्या वस्तू बोटीवर आणखीही गेल्या. आंब्याचे प्लास्टिकचे क्रेट बाकाखाली बरोबर बसतात. एकात दोर, एकात पाण्याच्या बाटल्या, एकात प्रथमोपचार. तळाला भोकं असल्यामुळे पाणी साचत नाही. आणि झेला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला बागेतून आंबे उतरवायला आम्ही वापरतोच. त्याची लांब काठी आणि टोकाची जाळी यांच्याइतकं उपयोगी हत्यार बोटीवर दुसरं नाही. उडालेली टोपी, पाण्यात पडलेली चप्पल, वाहत आलेली वेफर्सची पाकिटं सगळं त्यातून वर येतं. माणूस मात्र झेल्याने येत नाही. त्यासाठी मागे दुमडती शिडी लावली, तिच्या तीन पायऱ्या पाण्याखाली जातात. ही शिडी बऱ्याच बोटींवर नसते. पाण्यात पडलेला भिजलेला माणूस नुसत्या हातांच्या जोरावर चार बोटंही वर चढत नाही, हे एकदा पाहिलं की शिडीचे पैसे कोणी मोजत नाही.

दोरांचं शास्त्र मला या वयात कळलं. नायलॉन ताणतो पण बुडतो, म्हणून तो नांगराला. लाट आली की धक्का दोरातच जिरतो. पॉलिप्रॉपिलीन तरंगतो, म्हणून तो रिंगला. पडलेल्या माणसाच्या दिशेने रिंग फेकल्यावर दोर पाण्यावर दिसायला हवा आणि पंख्यात जाता कामा नये. रिंगला तीस मीटर तरंगता दोर आहे. नांगराचा दोर खोलीच्या निदान पाचपट सोडायचा, नाहीतर नांगर चिखलात रुतत नाही, नुसता ओढला जातो. इथे खोली म्हणजे भरतीची खोली धरायची. मुंबईसारखी पाच मीटरची भरती आमच्याकडे येत नाही, आमची त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण सुकतीला नांगर टाकून चहा प्यायला बसलं आणि पाणी चढलं, तर दोर आखूड पडतो आणि बोट कधी सरकली ते कळत नाही.

वेळापत्रक म्हणूनच भरतीवर बांधलं. मोबाइलवर तक्ते मिळतात, पण तांडेल तिथीला तीनाने गुणून चाराने भागतात. अष्टमी असली तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सहाच्या सुमाराला भरती. पुनवेला, अमावास्येला बाराच्या आसपास. दिवसाला पाऊण तास पुढे. आमच्याकडे पाणी मुंबईच्या थोडं आधी चढतं, तेवढा फरक ते मनातच वजा करतात. पाहुण्यांना हे फार आवडतं, आणि ते लगेच कालनिर्णय मागतात. पूर्ण सुकतीला आम्ही जात नाही. पाँटूनला गुडघाभर पाणी पुरतं हे खरं, पण मशीनचा पाय त्याहून खाली असतो. शिवाय गाळात बोट बसली की पुढची भरती येईपर्यंत दहा पाहुण्यांना बसून ठेवायचं, आणि बोटीवर संडास नाही.

खाऱ्या पाण्याने मात्र आमची परीक्षा घेतली. गोड्या तळ्यासाठी बनलेल्या वस्तू इथे एका मोसमात मान टाकतात. स्टेनलेस म्हणून घेतलेले कठड्याचे स्क्रू एका दुकानदाराने ३१६ चे सांगून दिले. महिन्याभरात त्यांच्याभोवती तांबडे ओघळ आले. ३०४ आणि ३१६ या दोन्ही जातींत क्रोमियम-निकेल असतं, ३१६ मध्ये मॉलिब्डेनमही असतं आणि तेच मिठाला अडवतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच चकचकीत. चुंबक लावूनही फरक कळत नाही, दोन्हींना ते जवळपास चिकटतच नाही. नव्याने स्क्रू मागवले ते छापील खुणेचे, आणि बदलायला नवरा आणि दीर दोन रात्री कठड्यावर उपडे पडले होते. मशीनवर जस्ताचे ठोकळे असतात, ते आधी झिजतात आणि बाकीचा धातू वाचतो. ते निम्मे झिजले की बदलायचे. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे लावतात, ते इथे चालवले तर बघता बघता संपतात. फेरी झाली की मशीन गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवायचं. त्यासाठी धक्क्याजवळ पाण्याचं एक पिंप कायम भरलेलं असतं. आमच्या विहिरीचं पाणी मेमध्ये खाली जातं, तेव्हाही या पिंपाचा वाटा सुटत नाही. सासूबाईंना ते पटलेलं नाही.

पिंपांच्या पोटाला तांब्याचा रंग लावला, म्हणजे कालवं चिकटत नाहीत. आमची पिंपं फायबरची म्हणून हे जमलं, ॲल्युमिनियमच्या पिंपांना तांब्याचा रंग घातक. धक्क्यावर आदळू नये म्हणून दोन्ही बाजूंना मोटरसायकलचे जुने टायर. ते विकतच्या पांढऱ्या फुग्यांपेक्षा टिकतात, फक्त पाहुण्यांच्या पांढऱ्या पँटींना काळं लावतात, म्हणून त्यांच्यावर जुन्या जाळ्याची पिशवी शिवली.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. नोंदणी, तपासणी, विमा, सारंगाचं प्रमाणपत्र, आग विझवायचं पावडरचं सिलिंडर हे सगळं लागतं आणि लागायलाच हवं. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने १९१७ चा जुना कायदा गेला, त्यात विम्याचं कलम आहे. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या नियमाने प्रवासी जलवाहतूक आणि जलक्रीडा २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. या किनाऱ्यावर २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर कोणती बोट कोणाची आणि कोण कुठे चाललंय हे विचारणारं कोणीतरी असतंच. आम्हालाही ते बरं वाटतं. सारंगाच्या खुर्चीसमोर दोन नंबर मोठ्या अक्षरांत रंगवलेत: सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४. मशीनच्या किल स्विचची लाल दोरी तांडेलांच्या मनगटाला असते. ते जागेवरून उठले की मशीन बंद. सुरुवातीला त्यांना तो अपमान वाटला होता.

पहिल्या मोसमाआधी आम्ही दोघी जावा वेंगुर्ल्याला जाऊन आलो. मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवनाची सफर घडवतात. होड्या वल्ह्याच्या, मशीन नाही. स्वतः वल्हवतात, स्वतः माहिती सांगतात. तिवर कसा ओळखायचा, चिप्पीचं फळ कसं असतं, कांदळाची मुळं कमानीसारखी का, हे त्यांच्याकडून ऐकलं आणि लक्षात आलं की आमच्या बोटीवर सगळं होतं, फक्त सांगणारं कोणी नव्हतं. आता ते काम माझ्याकडे आहे. कांदळवनापाशी पोचलो की मशीन बंद करून बोट काठीने रेटायची, हेही त्यांचंच बघून. मशीन थांबलं की पक्षी जागचे उडत नाहीत, आणि मला ओरडून बोलावं लागत नाही.

गेल्या मार्चमध्ये नाशिकचं एक कुटुंब होतं, आजींसह नऊ जण. आनंदवाडीच्या बाजूने परत येत होतो. हे बंदर तिन्ही बाजूंनी आडोशाचं, वादळ आलं की लांबलांबच्या बोटी इथे आसऱ्याला येतात. तरी मे २०२१ च्या तौक्ते वादळात इथेच नांगरलेल्या बोटी बुडाल्या, त्या गोष्टी तांडेल सांगत होते. तेवढ्यात उजव्या हाताला डॉल्फिनची पाठ वर आली, मग दुसरी. खाडीच्या तोंडाशी ते येतात, पण इतक्या आत क्वचित. डाव्या बाकावरचे चौघे एका सेकंदात उठले. उजवीकडच्यांनीही उठायला हात टेकले. तांडेलांचा आवाज ट्रॉलरवरचा आहे. "बूड टेकून बसा! सगळ्यांनी! बोट मी फिरवतंय!" सगळे आपोआप बसले. बोट सावकाश वळली, डावी बाजू डॉल्फिनकडे झाली, दोन मिनिटांनी पुन्हा वळली आणि उजव्या बाजूला पाळी मिळाली. आजी सबंध वेळ जागच्या हलल्या नव्हत्या, आणि सगळ्यांत जास्त पाठी त्यांनीच मोजल्या. फोन काढणाऱ्यांना पाणीच मिळालं.

यानंतर आम्ही सुरुवातीलाच सांगतो: काही दिसलं तर तुम्ही उठू नका, बोट वळेल. लहान मुलांना हा करार पटकन कळतो. मोठ्यांना दोनदा सांगावा लागतो.

पंचवीस मेला बोट पाण्याबाहेर काढतो. पिंपांची झाकणं उघडून कप्पे तपासतो. मागच्या खेपेला उजव्या पिंपाच्या मधल्या कप्प्यात वाटीभर पाणी निघालं, झाकणाचं रबर कडक झालं होतं. रबर बदललं, जॅकेटं माळ्यावर गेली, शेडनेट परत रोपवाटिकेवर. यंदाच्या यादीत नवीन जस्ताचे ठोकळे आहेत, ओहोटीला धक्क्यावर चढताना आजींना धरायला एक दांडी आहे, आणि दिरांनी लिहिलेला एक ब्लूटूथ स्पीकर आहे. यादी तांडेलांना वाचून दाखवली. ठोकळ्यांना मान हलवली, दांडीला "होयीच" म्हणाले. स्पीकरवर थांबले.

"गाणी लावलास तर मशिनीचो आवाज माका कसो कळतलो?"

स्पीकर खोडला. दिरांनी खाली बारीक अक्षरात पुन्हा लिहिलाय, असं मला कालच दिसलं.